आइस्ड कॉफी पुन्हा पाणचट झाली? आधी बर्फ तपासा, बाकीचं नंतर

उन्हाळा लागला की मला एकाच छापाचे फोटो यायला लागतात. उंच ग्लास, वर अर्धवट विरलेले बर्फाचे खडे, खाली फिकट तपकिरी पाणी आणि सोबत एक ओळ: ‘काय चुकलं गं?’ मैत्रिणी, भाचरं, जुन्या ऑफिसातले लोक, सगळ्यांची तक्रार तीच. मी स्वतःही ही फुळकवणी दोन उन्हाळे प्यायले आहे, त्यामुळे हसण्याचा हक्क मला नाही. दर वेळी तेच प्रश्न विचारून तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी लक्षण ओळखा. ‘बिघडली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

लक्षणं

- ओतण्याआधी चाखली तेव्हा चांगली होती, बर्फावर ओतताच पाणचट झाली. (तपासणी २ आणि ३)
- पहिले दोन घोट छान, मग दहा मिनिटांत चव गेली. (२)
- पाणचटही आहे आणि कडूही. (४, ७)
- पातळ, आंबट, घोट गिळल्यावर तोंडात काहीच उरत नाही. (४, ७)
- सकाळी केलेली कॉफी संध्याकाळी आंबूस आणि शिळी लागते. (३)
- कॉफीला फ्रीजचा वास येतो. (१)
- साखर तळाशी बसते, वरची कॉफी कडू आणि शेवटचा घोट गोड मिट्ट. (५)
- वर पांढरे कण तरंगतात. (६)
- तळाशी गाळ, शेवटच्या घोटाला दाताखाली कचकच. (७)
- झटपट कॉफीच्या गुठळ्या होतात किंवा फेस बसतो. (४)

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे जातात. पहिल्या तीनांना दमडी लागत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारी बहुतेक तिथेच संपतात. फक्त एक पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. पूड बदलली, दळण बदललं आणि दूधही बदललं, तर कॉफी सुधारल्यावरही नेमकं काय चुकत होतं ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा फोटो पाठवाल.

१. बर्फ वितळवून त्याचा वास घ्या

चार खडे एका स्वच्छ वाटीत काढा, पूर्ण वितळू द्या, मग ते पाणी हुंगा आणि घोटभर प्या. बस, एवढंच. यात वास किंवा चव लागली तर कॉफीत काहीही सुधारणा करून उपयोग नाही, कारण ग्लासातला बराचसा भाग हेच पाणी असणार आहे. बर्फ फ्रीझरमधले वास ओढून घेतो. उघडा ट्रे आणि महिनाभर पडून असलेला बर्फ, ही जोडी मी सगळ्यात जास्त वेळा पकडली आहे.

ट्रे धुवा, नवा बर्फ लावा आणि खडे झाले की झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. पाण्यालाच क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून, गार करून मग ट्रेमध्ये घाला.

वास नाही, पण खडे एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झालाय? हे निराळं लक्षण आहे. म्हणजे ते मधे वितळून पुन्हा गोठलेत. याकडे शेवटी येऊ.

२. बर्फ मोजा

आता मूळ दुखण्याकडे. कृती लिहिताना आपण पूड मोजतो, पाणी मोजतो आणि बर्फापुढे ‘आवश्यकतेनुसार’ लिहितो. बर्फ म्हणजे पाणीच, फक्त उशिरा येणारं. ते हिशेबात धरलं नाही की कॉफी पाणचट होणारच, मग दाणे कितीही चांगले असोत.

नेमकं किती पाणी येतं ते मी एकदा वजनकाट्यावर बघितलं. गाळलेली गरमागरम कॉफी २०० ग्रॅम घेतली. दुसऱ्या भांड्यात फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ २५० ग्रॅम. कॉफी त्यावर ओतली. खडे तडतडले, त्यांच्या कडा गोल झाल्या, आणि मी थंडगार होईपर्यंत ढवळत राहिले. मग गाळणीतून बर्फ वेगळा केला आणि काट्यावर ठेवला. ७० ग्रॅमच्या आसपास आकडा दिसला. २०० ग्रॅम कॉफीत जवळपास १८० ग्रॅम पाणी शिरलं होतं! म्हणजे मी कडक कॉफी करून तिच्यात पेलाभर पाणी ओतल्यासारखंच झालं, फक्त ओतताना दिसलं नाही.

यात जादू नाही. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायचं तर सुमारे ४.२ ज्यूल काढून घ्यावे लागतात. ८५ अंशांची कॉफी तीन-चार अंशांवर आणायची म्हणजे दर ग्रॅममागे साडेतीनशेच्या आत-बाहेर ज्यूल झाले. म्हणून ढोबळ नियम लक्षात ठेवा: गरम कॉफी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका बर्फ वितळवते. तीच कॉफी आधी २५ अंशांपर्यंत निवली असेल तर २०० ग्रॅमला सुमारे ४५ ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रीजमधून काढलेली असेल तर सुरुवातीला जवळपास काहीच वितळत नाही.

हा नियम कळला की आइस्ड कॉफीच्या निरनिराळ्या पद्धती कशासाठी आहेत तेही कळतं. प्रत्येकीने या पाण्याचा बंदोबस्त आपापल्या परीने केलेला आहे. एस्प्रेसोत, म्हणजे यंत्राने दाबाखाली काढलेल्या कॉफीत, मुळात ३५-४० ग्रॅमच कॉफी असते, तीही दाट. ती वितळवून वितळवणार किती? तेवढाच, ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन-तीन खडे. व्हिएतनाममध्ये छोट्या धातूच्या फिल्टरमधून थेंब थेंब उतरवलेली काळीकुट्ट कॉफी कंडेन्स्ड मिल्कमध्ये पडते आणि मग बर्फावर जाते. एवढी दाट आणि गोड कॉफी बर्फाच्या पाण्याला पुरून उरते. जपानी पद्धत म्हणून ओळखली जाते तिच्यात तर बर्फ कृतीतच मोजलेला असतो. आणि कोल्ड ब्रूमध्ये, म्हणजे गार पाण्यात पूड तासन्‌तास भिजवून काढलेल्या कॉफीत, गरम काही नसतंच.

आपण मात्र रोजच्या पिण्याची गरम कॉफी करतो आणि तीच बर्फावर ओततो. तिच्यात आधीच पुरेसं पाणी आहे, आता त्यात दुप्पट झालं.

बर्फाबाबत आणखी दोन बारीक गोष्टी. मोठे खडे सावकाश वितळतात, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग कमी असतो. चुरा केलेला बर्फ दिसायला झकास, पण हळूहळू पिणाऱ्याच्या कामाचा नाही. आणि खडे ओले, चकचकीत दिसत असतील तर त्यांच्या अंगावर आधीच पाणी आहे. ते निथळून टाका. खडा कोरडा आणि किंचित पांढुरका दिसला पाहिजे, बोटाला चिकटला तर उत्तम.

कॉफीचेच खडे गोठवून वापरा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. चालतो तो. मी मात्र फार वापरत नाही, कारण कालच्या उरलेल्या कॉफीचे खडे म्हणजे कालचीच शिळी चव आजच्या ग्लासात. ताज्या कॉफीचे केलेत आणि झाकून ठेवलेत तर तक्रार नाही.

३. ओतताना कॉफी किती गरम आहे?

इथे दोनच रस्ते बरे: एकदम गार करा, नाहीतर आधी निववून मग बर्फावर घ्या. मधला रस्ता, म्हणजे कॉफी ओट्यावर किंवा मंद आचेवर तासन्‌तास ठेवून द्यायची, तो सगळ्यात वाईट. कॉफी बराच वेळ गरम राहिली की तिच्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाच्या कुळातली संयुगं फुटत जातात आणि आंबटपणा चढतो. सोबत सुवास उडून जातो. सकाळी केलेली कॉफी संध्याकाळी आंबूस लागते ती यामुळे.

निववण्याची सोपी रीत: कॉफी स्टीलच्या भांड्यात गाळा, ते भांडं थंड पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा आणि ढवळा. स्टीलमधून उष्णता भराभर बाहेर जाते. दहा मिनिटांत कोमटाच्या खाली येते, मग झाकून फ्रीजमध्ये. गरम भांडं थेट फ्रीजमध्ये ढकलू नका, शेजारच्या वस्तू तापतात.

आणि एक, हे चवीचं नाही, हाताचं आहे. उकळती कॉफी साध्या काचेच्या बर्फ भरलेल्या ग्लासात ओतू नका. काचेचा एक भाग तापतो, दुसरा गारच राहतो आणि ग्लास तडकतो. माझा एक गेला आहे, तोही पाहुण्यांसमोर. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच किंवा स्टील वापरा आणि गार झाल्यावर ग्लासात घ्या.

४. पूड, पाणी आणि वेळ

इथवर सगळं ठीक आणि तरी कॉफी पाणचट, तर पूड कमी पडते आहे. पण इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. कॉफी कडक हवी म्हणून तीच पूड जास्त उकळली जाते. कडक आणि कडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडक म्हणजे त्याच पाण्यात जास्त कॉफी उतरलेली. कडू म्हणजे पुडीतून जे यायला नको तेही ओढून काढलेलं. चांगल्या कपासाठी पुडीच्या वजनाच्या साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरावा, असं कॉफीवाल्यांचं जुनं माप आहे. त्यापुढे खेचत गेलात की कडवट आणि तुरट. म्हणून ‘पाणचटही आणि कडूही’ हे लक्षण दिसलं की मी पहिला प्रश्न विचारते: किती वेळ उकळलीस? पूड वाढवा, वेळ वाढवू नका.

आता पद्धतीप्रमाणे मापं देते. वजनातच देते, कारण चमच्याचा भरवसा नाही. बारीक पूड चमच्यात जास्त मावते, जाडसर कमी.

गरम गाळून बर्फावर: पूड २० ग्रॅम, गरम पाणी १८० ग्रॅम, खालच्या भांड्यात बर्फ १२० ग्रॅम. पाणी अधिक बर्फ मिळून ३००, म्हणजे पुडीच्या पंधरापट. पूड आपल्या दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली १४० ग्रॅमच्या आसपास गरम कॉफी उतरते आणि तिला गार करताना हा १२० ग्रॅम बर्फ जवळजवळ सगळा वितळतो. तो वितळायलाच हवा, तो कृतीचा भाग आहे. पिण्याच्या ग्लासात दोन मोठे खडे वेगळे घ्या. गरम पाणी नेहमीपेक्षा कमी जातंय म्हणून दळण किंचित बारीक ठेवा. सुवासाची आवड असणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवते, कारण कॉफी तयार होताक्षणी गार होते आणि वास उडायला वेळच मिळत नाही.

कोल्ड ब्रू: पूड १०० ग्रॅम, गार पाणी ८०० ग्रॅम. झाकून फ्रीजमध्ये १८ ते २४ तास. गाळल्यावर ६०० ग्रॅमच्या आसपास अर्क मिळतो. पिताना त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं. गार पाणी सावकाश काम करतं म्हणून एवढा वेळ. आठ तासांत काढलीत तर पातळ आणि आंबट लागणार, त्यात दाण्यांचा दोष नाही. दोन दिवस विसरलीत तर लाकूड चघळल्यासारखी चव येते. ‘कोल्ड ब्रूमध्ये आम्ल नसतं’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. २०१८ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गरम आणि गार काढलेल्या कॉफीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) जवळपास सारखाच, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान मिळाला होता. फरक होता तो एकूण आम्लांच्या प्रमाणात, आणि ती गरम कॉफीत जास्त होती. जिभेला कोल्ड ब्रू सौम्य लागते हे खरं, पण ‘पित्ताला चालते’ म्हणून बाटलीभर पिऊ नका.

झटपट कॉफी: गुठळ्या होतात कारण पावडर थेट थंड दुधात पडते. दोन चमचे पावडर आधी दोन-तीन चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग थंड पाणी किंवा दूध घाला. संपलं. फेसाचा प्रकार हवा असेल तर ग्रीसचा फ्रापे बघा. १९५७ साली थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय मेळ्यात एका कंपनीच्या माणसाला कॉफीसाठी गरम पाणी मिळेना, म्हणून त्याने चॉकलेट पेयाच्या शेकरमध्ये झटपट कॉफी आणि थंड पाणी घालून हलवलं, अशी त्याच्या जन्माची गोष्ट सांगतात. पावडर, साखर आणि दोन-तीन चमचे थंड पाणी झाकणाच्या बरणीत घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. दूध नंतर, कारण दुधातली चरबी फेस मोडते. भांड्याला तूप-तेलाचा अंश राहिला असेल तरी फेस बसतो. फेस धरत नाही अशी तक्रार आली की आधी बरणी पुन्हा धुवायला सांगते. दळलेल्या दाण्यांची पूड या कामाला चालणार नाही, ती विरघळतच नाही.

५. साखर तळाशी बसते

लोकांना वाटतं, थंडीमुळे साखर विरघळू शकत नाही. तसं नाही. शून्य अंशाजवळच्या १०० ग्रॅम पाण्यातही पावणेदोनशे ग्रॅमहून जास्त साखर मावते, आणि आपण पेल्याला घालतो दोन चमचे. अडचण वेगाची आहे. थंड पाण्यात साखर इतकी सावकाश विरघळते की ती विरघळायच्या आत आपला ग्लास संपतो. बर्फ मधे आल्याने चमचाही तळापर्यंत पोचत नाही.

उपाय दोन. साखर गरम कॉफीतच विरघळवा आणि मग गार करा. किंवा पाक ठेवा: साखर आणि पाणी समान वजनाने घ्या, साखर विरघळेपर्यंतच तापवा, गार करून स्वच्छ बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोनेक आठवडे सहज टिकतो. पाकातलं पाणीही हिशेबात धरा. तुम्ही म्हणाल, ही बाई पाण्याच्या मागेच लागली आहे. लागले आहे खरी.

नेहमीइतकीच साखर घालूनही कॉफी अगोड वाटली तर गोंधळू नका. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते. आइस्क्रीम वितळल्यावर गोड मिट्ट लागतं, तीच गत. त्यामुळे गरम असताना चाखून साखर ठरवू नका.

कडूपणा मारायला चिमूटभर मीठ घालतात. मिठाने कडवटपणा दबतो हे खरं आहे. पण ही मलमपट्टी झाली. पाहुणे दारात उभे असतील तर घाला, रोज घालावं लागत असेल तर तपासणी ४ पुन्हा वाचा.

६. पांढरे कण

घाबरून ग्लास ओतून देण्याआधी एक कण दोन बोटांत चोळा. तुळतुळीत लागला आणि बोटांच्या उबेने पसरला तर ती साय आहे. थंडीत दुधातली चरबी घट्ट होते आणि तिचे कण वर येतात. पिण्यात काही अपाय नाही. दूध गाळून घ्या किंवा आधी घुसळून घ्या.

कण भुरभुरीत लागला आणि वासाला आंबट असेल तर दूध फाटलं आहे. दुधाचा पीएच ६.६ ते ६.८, कॉफीचा पाचच्या आसपास, आणि ४.६ च्या जवळ दुधातलं केसिन नावाचं प्रथिन गोळा होऊन खाली बसतं. ताजं दूध हा धक्का सोसतं. उतरणीला लागलेलं दूध आधीच थोडं आंबलेलं असतं, त्याला कॉफीचं निमित्त पुरतं. उष्णतेने हे आणखी लवकर होतं, म्हणून दूध नेहमी गार झालेल्या कॉफीत घाला. सोया किंवा बदामाचं दूध गाईच्या दुधापेक्षा लवकर फाटतं. ते वापरत असाल तर कमी आंबट, जास्त भाजलेले दाणे घ्या आणि दोन्ही गोष्टी थंड असताना मिसळा.

७. दळण आणि गाळणी

हा पहिला मुद्दा जिथे खिशात हात घालावा लागू शकतो, म्हणून इतक्या खाली ठेवला आहे.

कोल्ड ब्रूसाठी दळण जाडसर हवं, साधारण जाड मिठाएवढं. पिठासारखी पूड दिवसभर भिजली की दोन गोष्टी होतात: कडवटपणा उतरतो आणि गाळणी तुंबते. मग माणूस वैतागून फडकं पिळतो. पिळू नका! तळाशी बसणारा चिखल आणि तुरट चव बऱ्याचदा त्या पिळण्यातूनच येते. फडकं टांगून ठेवा, निथळेल तेवढं निथळू द्या, उरलेला चोथा कुंडीत टाका.

पात्यांचा ग्राइंडर असेल तर एकाच भांड्यात पीठही निघतं आणि अख्खे तुकडेही. पिठातून कडू उतरतं, तुकड्यांतून आंबट, आणि दोन्ही एकाच ग्लासात येतात. सलग चालवण्याऐवजी दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे भांडं हलवा आणि शेवटी बारीक चाळणीतून पीठ चाळून टाका. एवढ्यानेच बराच फरक पडतो. त्यानंतरही समाधान नसेल तर चक्कीचा ग्राइंडर घ्यायचा विचार करा, त्याआधी नाही.

गाळाचा इलाज दोनदा गाळणं: आधी जाळीतून, मग कागदी फिल्टरमधून. कागद आधी गरम पाण्याने भिजवून घ्या, नाहीतर कागदाची चव उतरते.

पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) लिहिली आहे का तेही बघा. तिची कडवट, मातकट चव गरम कॉफीत शोभते, पण दिवसभर भिजवली तर तीच पुढे बसते.

८. पाणी

सगळं मापात असूनही कॉफी बेचव, सपाट लागते? एकदा वेगळं पिण्याचं पाणी आणून तीच कृती करा. फरक पडला तर दोष पाण्यात. कॉफीसाठी विरघळलेले क्षार लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, असं सांगतात. आरओ यंत्रातून फार कमी क्षारांचं पाणी येत असेल तर कॉफी पोकळ लागते. फार जड पाण्यात उलटं होतं, आम्लाची तरतरी मरते आणि चव मातकट होते. आरओचं आणि साधं गाळलेलं पाणी निम्मं-निम्मं मिसळून बघा, मात्र मुळात पिण्यालायक असेल तरच.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

बर्फाचे खडे चिकटून दगड होतात, असं वर म्हटलं. फ्रीझर उणे १८ अंशांवर आणि फ्रीज ५ अंशांच्या खाली असायला हवा. रात्री पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी आकडा बघा. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा अडकवून दार लावा. कागद सहज सरकून आला तर रबर सैल झालंय. रबर पुसून, सरळ करून बघणं एवढं तुमचं काम. त्यानंतरही फ्रीज पाचच्या वरच असेल तर तंत्रज्ञाला बोलवा. मागचं झाकण उघडून गॅस आणि वायरिंगमध्ये हात घालू नका.

एस्प्रेसो यंत्राची जाळी धुणं, क्षार काढायचं द्रावण फिरवणं घरी जमतं. दाब धरत नाही, वाफ भलतीकडून येते, खालून पाणी गळतं, किंवा यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात, तर आधी वीज बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. आत गरम पाणी दाबाखाली असतं. ग्राइंडरला जळका वास आला तरी तेच. पाण्याला धातूची चव, रंग किंवा विचित्र वास असेल तर मिसळण्याचे प्रयोग बंद करून पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

बाटलीत ठेवलेल्या कोल्ड ब्रूबद्दल कडक नियम: अर्क फ्रीजमध्ये, आठवड्याच्या आत संपवायचा. दूध घातलेलं त्याच दिवशी, आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही. झाकण फुगलं, उघडताना फस्स झालं, बुरशीचा ठिपका दिसला, तर चाखून खात्री करू नका, ओतून द्या. कॉफीचा पीएच ४.६ च्या वर असतो, म्हणजे हवाबंद बाटलीत बाहेर ठेवली तर बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जंतू वाढायला वाव असतो, आणि त्यांचं विष वासावरून ओळखू येईलच असं नाही. घरच्या घरी सीलबंद करून कपाटात ठेवायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

शेवटचं पिणाऱ्याबद्दल. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रभर डोळा न लागणं, ही लक्षणं कॉफीतल्या खोटीची नाहीत, प्रमाण चुकल्याची आहेत. वर दिलेला कोल्ड ब्रूचा अर्क अरेबिका जातीच्या दाण्यांचा असेल तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये १५० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकतं, रोबस्टाचा असेल तर आणखी बरंच. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, गरोदरपणी २०० च्या आत. पाणी न घालता एक मोठा ग्लास प्यायलात की पहिली मर्यादा जवळपास गाठलीच. धडधड थांबत नसेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना ‘एक ग्लास कॉफी प्यायले’ एवढंच सांगू नका. पूड किती ग्रॅम होती, पाणी किती घातलं आणि त्यातलं किती प्यायलात ते सांगा.